मनीषाला आणायला नाशिकला

कोल्हापूरकडच्या माणसाने नाशिकला जाऊन मिसळ खाल्ली, तर परत आल्यावर 'ठीक होती' एवढंच सांगायचं असतं. मी पुढचं वाक्य लिहिल्याबद्दल आमच्याकडचे काही लोक माझ्याशी बोलणं टाकतील, पण खोटं लिहायचं नाही हे मला घरात शिकवलेलं आहे. मिसळ उत्तम होती. मी दोनदा रस्सा मागून घेतला. आणि त्या दुसऱ्या वाटीपासून माझा जो जळफळाट सुरू झाला, तो परतीच्या एसटीपर्यंत थांबला नाही.

फिरणं हा काही माझा हेतू नव्हता. भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावात येत्या महिन्यात दारूच्या दुकानासाठी बायकांचं मतदान आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. जी बाई घरी बसली, ती आपोआप दुकानदाराच्या बाजूची. मागच्या वेळी आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, आणि का हरलो हे अख्ख्या गावाला माहीत आहे: सभा मी घेतल्या होत्या.

मी लिहिणारी आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून आई दारूबंदीच्या कामात आहे. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नसायची, कारण कॉटवर पत्रकांचे गठ्ठे असायचे. मला 'ध' धरणाचा शिकवला नाही, धिक्काराचा शिकवला. पत्रक मी झोपेतसुद्धा लिहीन. पण बोलायला उभी राहिले की समोरच्या बायका पदर सारखे करतात आणि दूध तापत ठेवल्याची आठवण होऊन एकेक उठतात.

बोलायची ती मनीषा. मूळची नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडची, कोकणा आदिवासी समाजातली. कोल्हापूरला समाजकार्याचा कोर्स करायला आली आणि होस्टेलवर माझ्या खोलीत पडली. पुढे दोन वर्षं आमच्या घरचीच झाली. शेजारच्या गावातली बाटली तिने आडवी केली. पत्रक माझं होतं, पण ते आता कुणाच्या लक्षात नाही. तिने पाटलांच्या ओसरीवर उभं राहून काढलेली नवऱ्याची नक्कल मात्र लोक अजून एकमेकांना करून दाखवतात. नंतर ती नाशिकला परतली. फोनवर म्हणाली होती, "टुरिझममध्ये आहे." आई मला म्हणाली, "जा आणि तिला घेऊन ये. फोनवर न्हाई म्हणंल, तोंडावर म्हणायची न्हाई." तू का नाही बोलत, हे मला विचारायचंसुद्धा आईच्या मनात आलं नाही.

गंगापूर रोडच्या पुढे

आमच्याकडे मिसळीचं दुकान म्हणजे दोन बाकं, एक भिंत, आणि मागे उभा असलेला माणूस, जो तुमचा शेवटचा घास मोजत असतो. नाशिककर मिसळ खायला सहकुटुंब शेतात जातात. झोपाळे, बैलगाडीचं चाक, चुलीवरचं पातेलं, पोरांना घसरगुंडी, आजोबांना खाट. रविवार होता, तरी लोक रांगेत चिडलेले नव्हते. रांगेत न चिडणारे लोक मला संशयास्पद वाटतात.

ताट आलं. मिसळ, पाव, दही, भाजलेला पापड, आणि कडेला जिलेबी. मी वाढप्याला विचारलं, "ही जिलेबी कुणी मागवली?"

"मॅडम, ती येतेच सोबत."

"आणि ब्रेड? कोल्हापूरला मिसळीसोबत ब्रेड देतात."

"पाव हाय ना. ब्रेड आजारी मानसाला देत्यात आमच्याकडं." तो हसला. "पहिल्यांदा आले वाटतं? घ्या, तर्री अजून घ्या, लाजू नका. अनलिमिटेड हाय."

आमच्याकडे कट, म्हणजे हीच तर्री, मागताना जीव मुठीत धरावा लागतो, आणि इथे लाजू नका म्हणतात. काळा, मसाल्याचा, झणझणीत पण जाळत न जाणारा रस्सा. मी पापड मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला, आणि मनातल्या मनात या शहराविरुद्ध एक पत्रक सुरू केलं: 'बंधू-भगिनींनो, पापडाच्या आमिषाला बळी पडू नका.'

तेवढ्यात मनीषा स्कूटरवरून आली. केस कापलेले, कानात बांबूचे मोठे झुमके. ती माझ्यापर्यंत पोचेपर्यंत तिला तीन टेबलांवर थांबवलं. एका मुलीने सेल्फी घेतला. एक काका म्हणाले, "ताई, तुमचा तो करवंदाचा व्हिडिओ आमच्या हिने दहा जणींना पाठवला."

"शुभे!" मिठी मारून ती म्हणाली, "बारीक झालीस. काकू जेवायला घालत नाहीत, नुसते ठराव घालतात ना?"

"ही माणसं तुला कशी ओळखतात?"

"मोबाइलवर. मी कामावर बोलते ना, ते लोक शूट करतात आणि टाकतात. मग मीपण टाकायला लागले."

"आणि काम काय?"

तिने माझ्या ताटातली जिलेबी उचलली. "वायनरीत आहे. टेस्टिंग रूमला. आलेल्या लोकांना बाग दाखवायची, कारखाना दाखवायचा आणि वाइन कशी चाखायची ते सांगायचं."

मी पाव खाली ठेवला.

"ठेवू नकोस, गार होईल," ती म्हणाली. "मला माहीत होतं तू हा चेहरा करणार. म्हणून तर मिसळीवर बोलावलं. रिकाम्या पोटी तू जास्त तत्त्वनिष्ठ असतेस."

दारूबंदीच्या सभेसाठी मी ज्या बाईला न्यायला आले होते, ती दारू ओतत होती. तिथल्या तिथे उठून स्टँडवर जावं, एवढा राग आला. गेले नाही, त्याची दोन कारणं. एक, मतदान जवळ आलं होतं. दुसरं मला तेव्हाही कळत होतं: तिला कशाचं एवढं कौतुक मिळतं, ते मला बघायचं होतं.

धरणाच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी तिने मला कामावर नेलं. गंगापूर धरणाचं पाणी उजवीकडे, डावीकडे द्राक्षाच्या रांगा, आणि उन्हात इतकं स्वच्छ निळं आकाश की मला आमच्या गावचं आकाश आठवून त्याची कीव आली.

तळघरात शिरल्यावर पहिल्यांदा दिसल्या त्या बाटल्या. भिंतभर, छतापर्यंत, हजारोंनी, सगळ्या आडव्या निजवलेल्या. मनीषाने माझ्याकडे बघितलं आणि कोपराने ढोसलं. "बघ, शंभर टक्के मतदान." बूच ओलं राहावं म्हणून तशा ठेवतात म्हणे. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा संताप आला.

वर खोलीत वीसेक माणसं जमली होती. पुण्यामुंबईची जोडपी, निफाडचे दोन द्राक्षबागायतदार भाऊ, आणि सुरतहून आलेलं एक कुटुंब. मला वाटलं होतं, ती इंग्रजी झाडणार. ती मराठीतच बोलली, मध्ये हिंदी, सुरतवाल्यांसाठी चार गुजराती वाक्यं. सुरगाण्यापलीकडे गुजरातच आहे, त्यामुळे ती भाषा तिला बालपणीच फुकट मिळाली आहे. मला फुकटात फक्त पत्रकांची मराठी मिळाली.

"ग्लास खाली दांडीला धरा. वरून धरला तर हाताची ऊब लागते, आणि फोटोत बोटं जाडी दिसतात." लोक हसले. "आता नाक आत. लाजू नका, काका, मिशी ओली झाली तर होऊ द्या. पुस्तकात लिहिलंय की याला परदेशी झुडपांच्या फळांचा वास येतो. ती फळं माझ्या बापाने बघितली नाहीत. मला याला पेरूचा वास येतो. अर्धा कच्चा पेरू, मीठ लावायच्या आधीचा."

सगळ्यांनी नाकं घातली आणि सगळे एकदम "अरे हो!" म्हणाले.

पिण्याआधी तिने आपल्या ग्लासातले दोन थेंब खिडकीबाहेर, वेलाच्या मुळाशी सोडले. "आमच्याकडे पहिली धार जमिनीला आणि गेलेल्या माणसांना. मग आपल्याला." झालं. वीस माणसं खिडकीपाशी, सगळ्यांचे मोबाइल वर. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. तिच्या घरात जमिनीला धार सोडायची रीत आहे. आमच्या घरात पिढीजात चालत आलेली एकच रीत आहे, निषेध. त्याचा कुणी व्हिडिओ काढत नाही.

निफाडच्या थोरल्या भावाने विचारलं, "ताई, ही रोज प्यायली तर हार्टला चांगली असती म्हनत्यात?"

"असं मी म्हणणार नाही. दारू आहे ही, दादा. द्राक्षाचा रस पाहिजे तर बाहेर मिळतो, तो हार्टला, लिव्हरला, सगळ्याला चांगला."

"मंग तुमी विकता कशाला?"

"विकते कुठं? मी वास घ्यायला शिकवते. विकायला तो काउंटरवरचा साहेब आहे, मला बघून तो रोज रडतो."

सगळे गेल्यावर तिने एक ग्लास माझ्यापुढे सरकवला. "पिऊ नकोस. नुसता वास घे."

मी घेतला. पेरूचा होता. खरोखर पेरूचा होता. माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रकांत दारूला 'विष', 'राक्षस', 'कीड' असले शब्द आहेत, पण वास नाही. एकाही पत्रकाला कसलाही वास नाही. मी ग्लास परत केला आणि म्हणाले, "माझं डोकं दुखतंय."

जुन्या नाशकात

मी विचारायचं पुढे ढकलत राहिले. मध्ये रंगपंचमी आली. आमच्याकडेही रंगपंचमी जोरात असते, पिपं भरून असते, त्यामुळे मला वाटलं होतं, निदान इथे तरी बरोबरी होईल. पण नाशिककरांकडे रहाडी आहेत. रहाड म्हणजे रस्त्याखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर ओंडके टाकून, माती घालून बुजवलेला असतो, त्यावरून स्कूटर जातात, भाजीवाले बसतात. रंगपंचमीला तो उकरून काढायचा, पूजा करायची, रंगाच्या पाण्याने भरायचा आणि वरून धाडकन उडी मारायची. एकेका रहाडीचा रंग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. पायाखाली रंगाचा हौद ठेवून हे लोक वर्षभर शांतपणे भाजी घेतात, यापेक्षा श्रीमंती काय असते मला माहीत नाही.

मनीषा काठावर उभी राहून दुपारभर ओरडत होती. कोण उडी मारणार, कोण घाबरला, कुणाची चड्डी सैल आहे, सगळ्याचं धावतं वर्णन. गर्दी तिच्यावर खूश. मी तिच्या मागे रंगाने थबथबून उभी होते. एका बाईने मला बाजूला केलं आणि म्हणाली, "जरा सरका ना, मॅडमचा व्हिडिओ घेते."

संध्याकाळपर्यंत तिचा आवाज पार बसला. आणि खरं लिहायचं म्हणजे लिहितेच: मला बरं वाटलं.

चांदवडच्या बायका

दुसऱ्या दिवशी चांदवडकडच्या एका बचत गटाची सहल यायची होती. पंचवीस बायका, बसमध्ये अहिराणी गाणी मोठ्याने लावून, सकाळी त्र्यंबक आणि दुपारी "ती रीलमधली वायनरी". मनीषाच्या तोंडून फक्त हवा निघत होती. तिने माझा हात धरला आणि खुणेने विचारलं. मग कानाशी पुटपुटली, "नुसता कारखाना दाखव. ग्लास मी भरत नाही त्यांना, रसच देते. तू बोल."

मी नाही म्हणायला हवं होतं. तत्त्व म्हणून, आणि बोलणं माझा पिंड नाही म्हणूनही. पण मला वाटलं, एकदा तिच्या जागेवर उभं राहून बघू. जागेचाच गुण असेल. समोर ती नसेल तर ऐकतील.

बायका आल्या. कांद्याच्या शेतातल्या, उन्हाने रापलेल्या, नऊवारी आणि पाचवारी दोन्ही, गॉगल लावलेली एक. मी घसा साफ केला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भगिनींनो!"

गॉगलवालीने गॉगल काढला.

मी टाक्या दाखवल्या, द्राक्ष कुठून येतात ते सांगितलं, साखरेची दारू कशी होते ते सांगितलं, मग राहवेना म्हणून घरगुती अर्थकारणावर तिचा परिणाम सांगितला, मग शासनाच्या महसुली धोरणातली विसंगती. मागून एकीने दुसरीला विचारलं, "आपन परत बसमंदी कधी बसायचं?" पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईने, तिचं नाव सिंधूबाई होतं, नम्रपणे हात वर केला.

"म्याडम, तुमी सरकारी हायेत का?"

"नाही."

"मंग घाबरायचं काय नाय," ती मैत्रिणींना म्हणाली, आणि सगळ्या जरा सैल झाल्या.

तेवढ्यात हशा पिकला. मी वळून बघितलं. माझ्या मागे टाकीला टेकून मनीषा उभी होती. हातात रिकामा ग्लास. एकही शब्द न बोलता तिने ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले, आणि पहिल्यांदा वाइन पिणाऱ्या साहेबाचा चेहरा केला. मग त्याच ग्लासाने, चार घोटांनंतर, घरी येऊन चप्पल शोधणाऱ्या नवऱ्याचा. तोच, पाटलांच्या ओसरीवरचा. बायका पोट धरून हसत होत्या. एकजण ओरडली, "आगं, आमच्या ह्यांचीच नक्कल!"

हसणं ओसरल्यावर सिंधूबाई म्हणाली, "ही बाटली आमच्याकडं नाय येत, बाई. आमच्याकडं क्वार्टर येती. कांदा विकला का येती, नाय विकला तरी येती."

मनीषा पुढे आली आणि त्यांच्यात खाली फरशीवर बसली. कुजबुजत काहीतरी बोलली. ऐकू येईना म्हणून बायका जवळ सरकल्या, मग आणखी जवळ, शेवटी एकमेकींच्या मांडीवर रेलून तिच्याभोवती गोल झाला. मला आवाज असताना बायका माझ्यापासून मागे सरकतात. तिला आवाज नसताना तिच्याकडे सरकून बसल्या. हे दृश्य मी शेजारी उभी राहून बघितलं आणि माझ्या जळफळाटाला कसला वास आहे हे मला त्या क्षणी सांगता आलं असतं.

मग त्या गोलातून मनीषाचा हात वर आला आणि तिने मला खेचून खाली बसवलं. "आडवी बाटली," ती पुटपुटली. "हिला विचारा. हिला सगळं पाठ आहे."

सिंधूबाई म्हणाली, "आमच्या गावात व्हईल का ते?"

मी सांगायला लागले. अर्ज कुणाकडे करायचा, किती बायकांच्या सह्या लागतात, सह्यांची पडताळणी होते तेव्हा नवरे काय धमक्या देतात, त्या दिवशी एकमेकींच्या घरी कसं राहायचं. 'भगिनींनो' म्हणायला विसरले. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. गॉगलवालीने मोबाइलवर माझं बोलणं शूट केलं. माझं! अर्धा तास मी जगातली सर्वांत सुखी व्यक्ती होते.

बसमध्ये चढताना सिंधूबाईने मनीषाच्या गालावरून हात फिरवला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "पोरगी हुशार हाय गं. तुह्या हाताखाली हाय का कामाला?"

सुरगाण्याची जीप

सुट्टी टाकून ती मला आपल्या गावी घेऊन गेली. सुरगाण्यापर्यंत एसटी, पुढे जीप. रस्त्याला लोक बांबूच्या टोपल्यांत स्ट्रॉबेरी घेऊन बसलेले. म्हणजे मिसळ, द्राक्षं, धरण, रहाडी, आणि वर स्ट्रॉबेरीसुद्धा. एका जिल्ह्याने किती घ्यायचं याला काही मर्यादा?

जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं आपल्याला वाटतं तेव्हा ती अर्धी असते. ड्रायव्हर टपावर मका चढवत होता. आम्ही मधल्या सीटवर चौथ्या-पाचव्या म्हणून चेपलेल्या. दार माझ्या बाजूचं नव्हतं, पळता येणार नव्हतं. मी विचारून टाकलं.

"आमच्याकडे परत मतदान आहे. आईने तुला बोलावलंय."

"माहितीय." तिचा आवाज थोडा सुटला होता, खरखरीत. "आल्यापासून तू माझ्याकडे मत मागायला आल्यासारखी बघतेस. येते ना. पण माझं पहिलं वाक्य मी ठरवणार."

"कोणतं?"

"मी मनीषा, नाशिकला वाइनच्या कारखान्यात काम करते."

"तुला वेड लागलंय का? दुकानदार तुझा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गावभर फिरवेल. 'बघा, दारूबंदीवाल्यांची बाई स्वतः दारू ओतते.'"

"तो व्हिडिओ त्याच्याकडे आत्ताच असेल, शुभे. चांदवडच्या कांद्याच्या शेतात पोचला, तर भुदरगडला पोचणार नाही?"

"मग नोकरी सोड."

समोरची म्हातारी आमच्याकडे बघायला लागली. मनीषा तिला त्यांच्या कोकणा बोलीत काहीतरी म्हणाली, म्हातारी हसली. मला एक अक्षर कळलं नाही, आणि ते माझ्याबद्दलच होतं.

"का सोडू?" ती माझ्याकडे वळली. "आई दर वर्षी निफाडला बागेत खुडायला जायची. आम्हा पोरांना वेलाखाली गोधडीवर निजवायची. आख्खा गाव जातो, अजून जातो. त्या द्राक्षाबद्दल बोलायला मला आता लोक खुर्ची देतात. माझं काम मला आवडतं. आणि तुमच्या गावातलं दुकान बंद व्हावं हेही मला वाटतं. तिथं माणसं वास घ्यायला जात नाहीत."

"हे दोन्ही एकत्र चालत नाही."

"पत्रकात नसेल चालत."

ही दुटप्पी आहे, असं म्हणणं सोपं होतं, आणि ते म्हटलं की तिला न नेता परत जाता आलं असतं. आईला सांगता आलं असतं की तत्त्वाचा प्रश्न होता. मग सभा पुन्हा मीच घेतल्या असत्या, आणि आम्ही पुन्हा हरलो असतो. जीप सुटेपर्यंत मी हे मनात उलटसुलट केलं. त्यात तत्त्व किती आणि जळणं किती हे मला वेगळं करता येईना. सिंधूबाईपासून तिने काही लपवलं नव्हतं, निफाडच्या भावांपासूनही नाही. लपवायचं ते मलाच सुचत होतं, खोटं न लिहिणारीला.

"ये," मी म्हणाले. "सांग काय सांगायचं ते."

तिच्या घरी तिच्या आईने नागलीची, म्हणजे आमच्या नाचणीची, भाकरी, उडदाचं वरण आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी वाढली. भाकरी काळसर, मऊ, चुलीचा वास असलेली. माझ्या ताटात तिने न विचारता चौथी टाकली आणि मनीषाकडे बघून लांबलचक काहीतरी बोलली. "काय म्हणतायत?" मी विचारलं. "म्हणते, पोरीच्या डोक्यात राग आहे, पोटात गेला की कमी होईल." मी चौथीही खाल्ली. इथेही मला हरवलं.

आईला फोन लावायला मागच्या टेकाडावर चढावं लागलं. फक्त एका आंब्याखाली रेंज येते. मी आईला सगळं सांगितलं: मनीषा काय काम करते, पहिलं वाक्य काय बोलणार आहे, दुकानदार काय करेल.

"वाइन म्हंजे दारूच की गं," आई म्हणाली.

"हो. तीसुद्धा तेच सांगते सगळ्यांना."

"सांगती व्हय? मग सांगू दे. तिच्या तोंडून ऐकलं तर बायका ऐकतील. तिचा घसा कसा हाय? सभेला आवाज पायजे."

"बसलाय."

"मग तिला म्हणावं, गार पाणी पिऊ नको. आणि हे बघ शुभे, पत्रकं यावेळी जरा कमीच छाप. ती येतीया म्हटल्यावर एवढी लागायची न्हाईत."

मनीषा टेकाडाखालून हात हलवून विचारत होती, काय झालं. मी अंगठा दाखवला.

परत आल्यावर घरी बॅग टाकायच्या आधी मी छापखान्यात गेले आणि मागच्या वेळेपेक्षा दुप्पट पत्रकं छापायला दिली. त्यांत विष नाही, राक्षस नाही, कीड नाही. मनीषा पुढच्या आठवड्यात येईल आणि सभेत उभी राहून आपलं पहिलं वाक्य बोलेल. पण तोवर गावातल्या प्रत्येक बाईने ते वाचलेलं असेल, कारण माझ्या पत्रकाची पहिली ओळ तीच आहे, जाड ठशात: 'आमची मैत्रीण मनीषा नाशिकला वाइनच्या कारखान्यात काम करते, आणि तरीही ती तुम्हाला आडव्या बाटलीवर शिक्का मारा असं सांगायला येत आहे.' एवढं एक वाक्य तरी तिच्या आधी मी बोलले.